शंभरचा प्लॅन आणि रात्री नऊची गती

घरी फायबर जोडून घेताना गिऱ्हाईक एकच आकडा विकत घेते. पन्नासचा प्लॅन, शंभरचा प्लॅन, दोनशेचा प्लॅन. फलकावर तोच मोठ्या अक्षरात असतो, जोडणीला आलेला मुलगा मोबाइलवर स्पीड टेस्ट लावून तोच दाखवतो आणि महिन्याचे पैसेही त्यावरच ठरतात. त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात ‘पर्यंत’ असे छापलेले असते, नाहीतर एखादी चांदणी असते. मग संध्याकाळ झाली की घराघरातून ‘नेट चालंना’ ऐकू यायला लागते. त्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा त्या बारीक अक्षरातच असते.

जाहिरातीतला वेग खरा की खोटा, हा वाद आपण चुकीच्या जागी घालतो आहोत असे मला वाटते. तो आकडा बहुधा खोटा नसतो. पहाटे पाचला मोजला तर मिळतोही. पण जास्तीत जास्त किती मिळू शकेल एवढेच तो सांगतो. गर्दीच्या वेळी कमीत कमी किती मिळेल आणि लाइन तुटली तर किती दिवसांत जोडली जाईल, हे घर चालवणाऱ्या माणसाला कळायला हवे असते. या दोन गोष्टी जाहिरातीत नसतात आणि बिलावरही नसतात. त्या बिलावर याव्यात आणि वेग घटला तर बिलही घटावे. पिशोरसारख्या गावाला न्याय मिळायचा तर तो या मार्गाने मिळेल. का, ते नीट सांगायला हवे.

पिशोर हे संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातले मोठे गाव, अंजना नदीच्या काठचे, भोवतालच्या वाड्या-वस्त्यांची बाजारपेठ. मका, कापूस, अद्रक ही या भागातली पिके. अशा गावात नेटवर सिनेमे बघितले जातात आणि त्यात गैर काहीच नाही. पण त्याच जोडणीवर महाडीबीटीचा अर्ज भरला जातो, पीकविम्याची कागदपत्रे चढवली जातात, सीईटीनंतरच्या कॅप फेरीत कॉलेजांचे पर्याय नोंदवले जातात, पीएम किसानची ई-केवायसी होते, अद्रकीचा भाव विचारला जातो. यातल्या बहुतेक कामांना शेवटची तारीख असते. एवढ्या कामांना शंभर एमबीपीएस लागतच नाहीत. दोन-तीन एमबीपीएसचा अखंड प्रवाह असला तरी एक ऑनलाइन वर्ग धड चालतो आणि अर्ज तर त्याहून कमीत जातो. म्हणजे गावाला भरवशाची जास्त गरज आहे आणि विकला जातो तो वेग.

न्यायाने बोलायचे तर आधी घरातली बाजू पाहू. बऱ्याच तक्रारींचे कारण घराच्या उंबऱ्याच्या आतच असते. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि संगणक फाइल उतरवताना मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच दिसणार. त्यात फसवणूक नाही. राउटर पुढच्या खोलीत, मधे दगडी भिंत, मागच्या खोलीत जुना मोबाइल, आणि तोही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. एवढ्यात वेग निम्म्याखाली येतो. काही स्वस्त राउटरांची तारेची खोबणच शंभर एमबीपीएसची असते. अशा राउटरवर दोनशेचा प्लॅन घेतलेल्या घराला तारेने जोडूनही शंभराच्या वर कधी काही मिळणार नाही. म्हणून खरा वेग पाहायचा तर लॅपटॉपला राउटरपासून तार जोडून, बाकी सगळी उपकरणे बंद करून, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजावे लागते. हे गिऱ्हाइकाला कोण सांगते? जोडणी देणाऱ्याने सांगायला हवे. फार तर पाच मिनिटांचे काम आहे.

आता उंबऱ्याबाहेरची बाजू. गावातल्या फायबरची रचना साधारण अशी असते. ऑपरेटरच्या खोलीत ओएलटी नावाचे यंत्र असते. त्यातून निघालेली एक तार स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. जीपॉन नावाच्या नेहमीच्या तंत्रात अशा एका तारेची डाउनलोडची क्षमता सुमारे अडीच गिगाबिट असते. चौसष्टही घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तरी प्रत्येकी चाळीसच्या आसपास एमबीपीएस येतात. म्हणजे गल्लीतली तार सहसा कमी पडत नाही. कमी पडतो तो ओएलटीच्या मागचा रस्ता, ऑपरेटरने मोठ्या कंपनीकडून विकत घेतलेली बँडविड्थ. समजा एका ऑपरेटरकडे तीनशे घरे आहेत, प्रत्येकाला शंभरचा प्लॅन विकलेला आहे आणि मागून घेतलेली क्षमता एक गिगाबिट आहे. विकलेला माल झाला तीस हजार एमबीपीएस आणि कोठारात आहेत एक हजार.

हे ऐकून कोणी चोरी म्हणेल, पण तशी ती नाही. तीनशे घरे एकाच क्षणी पूर्ण वेग कधीच वापरत नाहीत, म्हणूनच महिन्याच्या चार-पाचशे रुपयांत फायबर परवडते. प्रत्येक घरासाठी शंभर एमबीपीएस राखून ठेवायचे म्हटले तर ती लीज्ड लाइन झाली आणि तिचा खर्च घरगुती बिलाच्या कैक पटींनी वाढला. वाटून वापरणे योग्यच आहे. आक्षेप आहे तो किती जणांत वाटले हे लपवण्यावर. तीसपट विकणारा आणि शंभरपट विकणारा अशा दोन ऑपरेटरांची जाहिरात अक्षरशः सारखीच दिसते. रात्री नऊला त्यांच्यातला फरक समोर येतो, तोवर वर्षाचे पैसे भरलेले असतात.

दूरसंचार नियामक ट्रायला हे ठाऊक नाही असे नाही. ट्रायने २००९ मध्ये याच वाटणीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास हे प्रमाण घातले. शंभरचा प्लॅन पन्नास घरांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन एमबीपीएस येतात. आता ब्रॉडबँडच्या सरकारी व्याख्येकडे पाहा. २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस होते, २०१३ मध्ये ५१२ झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन एमबीपीएस. शंभरच्या प्लॅनवर गिऱ्हाइकाला खात्रीने मागता येईल असा आकडा शोधत गेलो तर दोन्ही वाटांनी आपण दोनवरच पोचतो. शंभर आणि दोन यांच्या मधला जो मोकळा पट्टा आहे, त्यात सगळा व्यवहार कंपनीच्या मर्जीवर चालतो. मला हे गैर वाटते.

२००६ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत एक चांगला निकष होता. विकलेल्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक वेग गिऱ्हाइकाला मिळाला पाहिजे. पण हे मोजायचे कुठून कुठपर्यंत? कंपनीच्या नोडपासून घरापर्यंत. फायबरच्या जमान्यात या टप्प्यावर टंचाई क्वचितच असते. टंचाई असते नोडच्या पलीकडे. पलीकडच्या दुव्यांवरचा भार ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवावा असा वेगळा निकषही होता, पण तो कंपनीने स्वतः मोजायचा आणि स्वतः कळवायचा. शिवाय असे अहवाल परवाना-क्षेत्रनिहाय बनतात. दूरसंचारच्या नकाशावर मुंबई वगळता सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच क्षेत्र होते. पुण्याच्या कोथरूडमधला ग्राहक आणि पिशोरच्या शेतवस्तीवरचा ग्राहक एकाच सरासरीत बसतात. त्या सरासरीत पिशोर बुडून जाते आणि अहवालात सगळे निकषाप्रमाणे चालल्याचे दिसते.

स्पीड टेस्टलाही अशीच मर्यादा आहे, आणि तिच्यावर लोकांचा भाबडा विश्वास आहे. ही चाचणी बहुतेकदा जवळचा सर्व्हर निवडते आणि तो पुष्कळदा सेवा देणाऱ्या कंपनीच्याच जाळ्यात असतो. गावातून तिथपर्यंतचा रस्ता मोकळा असला की काटा शंभरवर जातो. अर्जाचे संकेतस्थळ मात्र भलत्याच जाळ्यावर असते आणि तिथे जाणारा रस्ता तुंबलेला असू शकतो. उलटही घडते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी लाखो लोक एकदम तुटून पडतात, पोर्टलच आडवे होते आणि शिव्या खातो तो गावातला केबलवाला. ‘सर्व्हर डाऊन’ आणि ‘नेट स्लो’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याची जबाबदारी सरकारी खात्यांनी घ्यायला हवी आणि मुदत संपायच्या दिवशी पोर्टल कोसळले तर मुदतवाढ आपोआप मिळायला हवी. तो विषय मोठा आहे, इथे एवढेच.

गावाच्या बाबतीत वेगापेक्षा जास्त छळणारी गोष्ट म्हणजे खंड. शहरात एका भागातली तार तुटली तर वाहतूक सहसा दुसऱ्या वाटेने वळते. गावाकडे येणारी तार पुष्कळदा एकच असते, रस्त्याच्या कडेने किंवा खांबांवरून आलेली. रस्त्याचे रुंदीकरण निघाले, जलवाहिनीचा चर खणला, ऊस-मक्याची उंच भरलेली ट्रॉली तारेत अडकली, की पलीकडची सगळी गावे अंधारात. सरकारी योजनेलाही हाच अनुभव आला. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याचे पुढे भारतनेट झाले आणि महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने चालले. प्रत्येक ग्रामपंचायतीला शंभर एमबीपीएस, असे मूळ उद्दिष्ट होते. तार पोचली, पेटी बसली, पण पेटी चालू ठेवायची वीज आणि तुटलेली तार जोडणारा माणूस यांची हमी तितकीशी पोचली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात गावे एका सरळ रेषेत न जोडता कड्यासारखी जोडायची, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसरीकडून प्रवाह चालू राहील, असे ठरले. ही दुरुस्ती म्हणजे आधीच्या रचनेतल्या दोषाची कबुलीच आहे, आणि ती झाली हे बरे झाले. पण घरगुती बिलाचे काय? महिन्यातले सहा दिवस तार तुटलेली असली तरी बिल पुष्कळदा तीस दिवसांचेच येते. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नव्या नियमांत जिल्हा पातळीवर चोवीस तासांहून अधिक सेवा बंद राहिली तर भाड्यात सूट देण्याची तरतूद आली आहे. पाऊल चांगले आहे. पण एकटे पिशोर चार दिवस बंद पडले तर जिल्हा बंद पडला असे होत नाही.

जगात हा प्रश्न वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळला. ब्रिटनमध्ये आधी दहा टक्के ग्राहकांना मिळणारा वेगही ‘पर्यंत’ म्हणून छापता येत असे. २३ मे २०१८ पासून तिथल्या जाहिरात-नियामकांनी नियम बदलला: रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळतो, तोच वेग जाहिरातीत सांगायचा. मार्च २०१९ पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांनी मान्य केलेल्या संहितेनुसार विक्रीच्या वेळीच किमान वेगाची हमी द्यावी लागते आणि तीस दिवसांत तो मिळाला नाही तर ग्राहक दंड न भरता करार सोडू शकतो. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१७ मध्ये टेल्स्ट्रा या कंपनीला सुमारे ४२ हजार ग्राहकांना भरपाई देऊ करावी लागली, कारण विकलेला वेग त्यांच्या लाइनवर पोचूच शकत नव्हता. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमाने तारेच्या जोडणीसाठी करारात किमान, नेहमीचा, कमाल आणि जाहिरातीतला असे सगळे वेग लिहिणे बंधनकारक केले. जर्मनीने डिसेंबर २०२१ पासून त्याला दात दिले. नियामकाच्या अधिकृत साधनाने ठरलेल्या पद्धतीने मोजून वेग कमी असल्याचे सिद्ध झाले तर ग्राहक त्या प्रमाणात बिल कमी करू शकतो.

आपण यातले कोणते उचलायचे? ब्रिटिश उपाय ऐकायला झकास आहे, पण करार सोडून जायचे तर दुसऱ्या कोणाकडे तरी जाता आले पाहिजे. संभाजीनगरच्या सिडकोत चार कंपन्या दारात उभ्या असतात. गावात एक किंवा दोन असतात आणि शेतवस्तीवर तर फायबर नसल्याने मोबाइलचा हॉटस्पॉट किंवा टॉवरवरून येणारे एअरफायबर एवढेच उरते. त्या टॉवरची क्षमताही मोबाइलवाल्यांत वाटली जाते. बाजारच वाईट सेवेला शिक्षा करील, हे म्हणणे जिथे बाजार आहे तिथे खरे. जिथे एकच दुकान आहे तिथे गिऱ्हाइकाच्या हाती जर्मन उपायच दिला पाहिजे: दुकान सोडता येत नसेल तर कमी मिळालेल्या मालाचे पैसे कमी. मोंढ्यात काटा खोटा निघाला तर वैधमापन शास्त्र विभागाचा निरीक्षक कारवाई करतो आणि हे गेली कित्येक दशके आपण रास्त मानत आलो आहोत. बिटांचे मापही माप आहे.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. गावातला ऑपरेटर छोटा असतो. त्याने केबल टीव्हीच्या धंद्यातून फायबर उभारले, खांबांवर चढून तारा ओढल्या, पावसात रात्री जोड मारले. मोठ्या कंपन्या जिथे आल्या नाहीत तिथे तो आला. त्याच्यावर हमी आणि दंड लादले तर तो धंदा गुंडाळील आणि गाव पुन्हा मोबाइलच्या दोन दांड्यांवर येईल. भीती खरी आहे. पण नीट पाहिले तर आजच्या जाहिरातीच्या शर्यतीत सगळ्यात जास्त मार तोच खातो. मोठी कंपनी दोनशे छापते म्हणून त्यालाही दोनशे छापावे लागतात, मग त्याच्या मागच्या लाइनीत ते बसोत की न बसोत. किमान वेग छापणे सर्वांना सक्तीचे झाले तर ‘जास्तीत जास्त शंभर, रात्री नऊला तीस नक्की’ असे प्रामाणिकपणे लिहून तो दोनशेवाल्यासमोर ताठ उभा राहू शकतो. किमान आकडा किती असावा हे सरकारने ठरवू नये. ज्याने त्याने आपला ठरवावा, छापावा आणि पाळावा. दंडाची साखळीही वरपर्यंत न्यावी. तूट मागच्या पुरवठादारामुळे आली असेल तर बिलात दिलेली सूट त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क छोट्या ऑपरेटरला हवा. अमेरिकेत इंटरनेट-सेवेवर माहितीचे लेबल लावणे २०२४ मध्ये सक्तीचे झाले तेव्हा मोठ्यांना एप्रिलपासून आणि लहानांना ऑक्टोबरपासून लागू केले. तशी सवड इथेही देता येईल.

किमती वाढतील का? कुठे थोड्या वाढतील. पण लिहिलेल्या आकड्याचे पैसे आणि मिळालेल्या आकड्याचे पैसे यांतला फरक गिऱ्हाईक आजही भरतेच आहे, फक्त तो त्याला दिसत नाही.

कायद्याचा रस्ता अगदीच बंद नाही, हे मात्र लोकांपर्यंत पोचलेले नाही. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत, असा समज २००९ च्या एका निकालामुळे पक्का झाला होता. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या प्रकरणात दूरसंचार सेवेच्या तक्रारीही ग्राहक आयोगापुढे चालतील असे स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. त्याआधी कंपनीकडे तक्रार करून डॉकेट क्रमांक घ्यावा, समाधान झाले नाही तर तिच्याच अपील यंत्रणेकडे जावे, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवावे. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

अडचण आहे ती पुराव्याची. पिशोरचा शेतकरी संभाजीनगरच्या आयोगापुढे काय दाखवणार? मोबाइलवरच्या स्पीड टेस्टचा फोटो दाखवला तर कंपनीचा वकील ‘तुमच्या वाय-फायचा दोष’ म्हणेल आणि ते अर्धे खरेही असेल. जर्मन तरतुदीत ग्राहकाला खरे बळ येते ते अधिकृत मोजणीतून. ट्रायचे मायस्पीड ॲप २०१६ पासून आहेच. त्यातच तारेने मोजण्याची, वेळ आणि जागा नोंदवण्याची आणि नोडच्या पलीकडच्या तटस्थ सर्व्हरपर्यंत मोजण्याची सोय करून, त्याचा अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य धरावा. हे काम सरकारी यंत्रणेला जड नाही. याच ट्रायने २०१६ मध्ये डेटाची मर्यादा संपल्यानंतरचा किमान वेग ५१२ केबीपीएसवर नेला होता. म्हणजे किमान आकड्याची सक्ती करता येते. मर्यादा संपल्यावरच्या वेगाला ती केली, तर पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वेगाला का नाही?

आणि जे आजच, कोणत्याही नव्या कायद्याशिवाय करता येईल ते ग्रामपंचायतीत आहे. पंचायतीच्या कार्यालयात भारतनेटची पेटी आहे तिथे ती कोणत्या दिवशी बंद होती, कशामुळे होती आणि किती दिवसांनी सुरू झाली, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याने एका वहीत नोंदवावे. गावातल्या खासगी ऑपरेटरांकडूनही मोठ्या खंडांची तशीच माहिती मागावी, न दिली तर तेही लिहून ठेवावे. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत नळपाणी आणि दिवाबत्तीच्या बरोबरीने ही वही वाचून दाखवावी आणि तिची प्रत ठरावासह तहसीलला व ट्रायला पाठवावी. महाराष्ट्र-गोव्याच्या सरासरीत जे दिसत नाही ते त्या प्रतीत तारीखवार लिहिलेले असेल आणि जिल्हा आयोगापुढे गेलेल्या शेतकऱ्याच्या हातातही मोबाइलच्या फोटोहून वजनदार कागद असेल.